टाकलेला ढीग कोण वाचणार?

डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास, कागदपत्रांशी रोजचा संबंध येणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. एका मोठ्या कंपनीवर दावा झाला होता. बचावासाठी तिच्या वकिलांनी सुमारे ४०,००० कागदपत्रे, म्हणजे जवळजवळ ३,५०,००० पाने, संगणकात भरून घेतली होती. आयबीएमच्या ‘स्टेअर्स’ या प्रणालीवर त्यांत शोध घेतला जाई. आपल्या मुद्द्याशी संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के तरी हाती लागले पाहिजेत, अशी वकिलांची अट होती, आणि ते लागले आहेत अशी त्यांची खात्रीही होती. ब्लेअर आणि मॅरन यांनी न सापडलेल्या कागदांतून नमुने काढून वाचून घेतले. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच कागद सापडले होते.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. जे कागद पडद्यावर आले, त्यांतले ७९ टक्के खरोखर उपयोगाचे होते. समोर येणारा बहुतेक प्रत्येक कागद कामाचा निघत होता, त्यामुळे समोर न आलेल्यांची शंका कोणाला आली नाही.

वकील, पत्रकार, संशोधक, लेखापरीक्षक, विमा कंपनीत दावे तपासणारे, बँकेत कर्जाचे प्रस्ताव पाहणारे, या सगळ्यांचे काम मुळात एकच असते: मजकूर वाचायचा आणि त्यावर निर्णय द्यायचा. पीटर ड्रकर यांनी १९५९ मध्ये अशा माणसांसाठी ‘नॉलेज वर्कर’ हा शब्द वापरला. त्यांची उत्पादकता कशी वाढवावी यावर १९९९ मध्ये लिहिताना त्यांनी पहिला प्रश्न ठेवला, तो ‘काम नेमके कोणते आहे?’ हा. मजकुराचे विश्लेषण करणारी यंत्रे आता कचेऱ्याकचेऱ्यांत शिरत असताना हा प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे, असे मला तळमळीने वाटते.

त्यासाठी एक वाद इथे मांडतो. मावशी पुण्याच्या दिवाणी न्यायालयात जमिनीचे दावे चालवत आलेल्या जुन्या वकील. भाचाही कायद्याचा पदवीधर. पण तो कोर्टात गेला नाही. अमेरिकी खटल्यांतली कागदपत्रे तपासणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत तो टीम लीड आहे. ही दोन माणसे मी रचली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या व्यवसायात खरोखर मांडले जातात.

भाचा: मावशी, ब्लेअर-मॅरनचं उदाहरण चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हाचं यंत्र फक्त शब्द जुळवायचं. तू शब्द द्यायचास, तो ज्या कागदात असेल तो कागद पुढे यायचा. यापलीकडे त्याला काही कळत नव्हतं.

मावशी: ते वकील काही नवशिके नव्हते. शब्द निवडताना त्यांचं काय चुकलं, ते सांग आधी.

भाचा: एका अपघातावरून तो दावा होता. पण ‘अपघात’ हा शब्द वादी पक्षाच्या लोकांचा. कंपनीची माणसं आपापसांत लिहिताना ‘घटना’ म्हणायची, ‘परिस्थिती’, ‘अडचण’, ‘समस्या’ म्हणायची. काही पत्रांत तर तेवढंही नव्हतं, ‘आपल्या मागच्या पत्रातला विषय’ एवढ्यावर भागवलेलं.

मावशी: हे मला नवीन नाही रे. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे, आणि त्याच्या कलम ५ खाली रस्ता अडवल्याच्या तक्रारी आजही रोज होतात. एकच वाट. जुन्या खरेदीखतात ती ‘गाडीवाट’ असते, पंचनाम्यात ‘वहिवाटीचा रस्ता’, गावातली माणसं तिला ‘पाणंद’ म्हणतात. चतुःसीमेत पाहावं तर ‘पूर्वेस बांध’ एवढेच दोन शब्द, आणि वाट त्या बांधावरूनच जाते. ज्याला रस्ता द्यायचा नाही, तो आपल्या जबाबात ‘रस्ता’ हा शब्द येऊच देत नाही. म्हणतो, ‘आम्ही कधीमधी जाऊ देत होतो.’ आता हे यंत्र कसं शोधणार?

भाचा: शब्द देऊन नाही शोधणार. म्हणून आता आम्ही शब्द देतच नाही, निवाडे देतो. खटला माहीत असलेला वकील काहीशे कागद वाचतो आणि प्रत्येकावर ‘संबंधित’ किंवा ‘असंबंधित’ असा शेरा मारतो. कोणत्या शेऱ्याच्या कागदात कोणते शब्द कोणाच्या सोबतीनं येतात, हे यंत्र त्यावरून शिकतं आणि उरलेल्या लाखो कागदांना गुण देतं. सर्वांत जास्त गुणांचे कागद पुन्हा वकिलापुढे येतात. त्यानं मारलेल्या नव्या शेऱ्यांवरून यंत्र पुन्हा गुण देतं. तुझा तो ‘कधीमधी जाऊ देत होतो’ असे दोन-चार जबाब तू ‘संबंधित’ ठरवलेस, तर तशा बोलण्याचे पुढचे जबाब वर यायला लागतात.

मावशी: आणि न्यायालयाला हे चालतं?

भाचा: २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात डा सिल्व्हा मूर विरुद्ध पब्लिसिस या खटल्यात न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी पहिल्यांदा मान्यता दिली. तिथं तीस लाखांवर ईमेल होते. इंग्लंडमध्ये २०१६ च्या पायरो इन्व्हेस्टमेंट्स खटल्यातही परवानगी मिळाली. न वापरून करणार काय? अमेरिकेच्या रँड संस्थेनं २०१२ मध्ये हिशेब मांडला होता. खटल्यात इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं शोधून समोरच्या पक्षाला देण्यावर जो खर्च होतो, त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले सुमारे ७३ सेंट नुसत्या वाचण्यावर जातात. मॉरा ग्रॉसमन आणि गॉर्डन कॉर्मॅक यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अशा पद्धतीनं सरासरी १.९ टक्के कागदच माणसाला वाचावे लागतात. पन्नासपट बचत झाली, मावशी. आपल्याला दाभोळमुळे माहीत असलेल्या एन्रॉनच्या ईमेलवर ती चाचणी झाली होती.

मावशी: बचत झाली असेल. पण सगळं वाचणाऱ्या माणसाची सर त्याला कशी येणार? डोळ्यांत तेल घालून वाचलं, की सुटत नाही काही.

भाचा: सुटतं. हेच तुला पटवून द्यायचंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनी-विलीनीकरणाच्या चौकशीत सव्वादोनशे वकिलांनी चार महिने कागद वाचले होते. पुढे रॉइटब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले ५,००० कागद नमुना म्हणून घेतले आणि दोन वेगळ्या गटांना नव्यानं वाचायला दिले. मूळ वकिलांनी जे कागद संबंधित ठरवले होते, त्यातले साधारण निम्मेच या गटांनी संबंधित ठरवले. तिन्ही गट प्रशिक्षित, तिन्ही मन लावून वाचणारे. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालंय.

इथे मावशींजवळ उत्तर नाही, आणि माझ्या मते असूही शकत नाही. माणसाच्या वाचनाला आपण सोन्याचे नाणे मानत आलो, कारण ते फारसे कोणी तपासून पाहिलेच नव्हते. थकलेला माणूस चारशेव्या कागदावर जे ठरवतो, ते त्याने सकाळी पहिल्या कागदावर ठरवले असते का, हे आपण विचारत नाही. यंत्राच्या चाचण्या घेता घेता माणसाचीही चाचणी झाली, हा मला या तंत्रज्ञानाचा मोठा उपकार वाटतो. एवढ्यापुरता मी भाच्याच्या बाजूचा.

पण मावशींचा खरा मुद्दा पुढे आहे.

मावशी: बरं, मान्य. आता तुझ्या कंपनीत उत्पादकता मोजतात कशी, ते सांग.

भाचा: तासाला किती कागदांवर शेरा मारला यावरून. साधारण पन्नासेक धरतात.

मावशी: आणि यंत्र आल्यावर ती वाढली?

भाचा: खरं सांगू का? घटली. आधी बॅचमध्ये निम्मं सामान टाकाऊ असायचं. जेवणाची आमंत्रणं, जाहिरातींची पत्रं, सुट्टीचे अर्ज. ते पाच-पाच सेकंदांत हातावेगळे व्हायचे आणि सरासरी टिकायची. आता यंत्र ते आधीच बाजूला काढतं. मुलांपुढे येतो तो प्रत्येक कागद अवघड. करारांचे मसुदे, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार, अर्धवट वाक्यांचे चॅट. मुलं पूर्वीपेक्षा जास्त डोकं लावतात आणि तक्त्यात त्यांचा आकडा खाली जातो. तो पाहून वरून विचारणा होते, की टीम ढिली पडली का?

मावशी: म्हणजे यंत्रानं काम बदललं, पण मोजपट्टी जुनीच राहिली. तासाचे कागद मोजणं म्हणजे वकिलानं कोर्टात किती वाक्यं म्हटली ते मोजणं. मी एखाद्या दिवशी एकच खरेदीखत वाचत बसते. संध्याकाळी लक्षात येतं, की विकणाऱ्याला त्या तारखेला विकायचा अधिकारच नव्हता. त्या दिवशीची माझी उत्पादकता तुझ्या तक्त्यात किती?

भाचा: आठ तासांत एक कागद.

मावशी: आणि पक्षकाराची जमीन वाचली, ती कुठल्या रकान्यात?

भाचा: त्यासाठी दर्जाची तपासणी असते ना. मुलांनी ‘संबंधित’ म्हटलेल्या कागदांपैकी काही वरिष्ठ वाचतात. चुका टिपतात.

मावशी: ‘संबंधित’ म्हटलेल्यांपैकी. म्हणजे ठेवलेल्यांपैकी. अरे, निवडलेल्या तांदळात खडा राहिला तर तो दाताखाली येतो. पाखडताना सुपाबाहेर तांदूळ गेला, तर तो कोणाला कळणार? ब्लेअर-मॅरनच्या वकिलांचं तेच झालं. समोर होतं त्यातलं ७९ टक्के चांगलं होतं, म्हणून ते निश्चिंत राहिले. तुमच्या यंत्रानं जे टाकलं, ते कोण वाचतं?

या प्रश्नाशी मला वाचकाला थोडा वेळ थांबवायचे आहे, कारण त्याचे उत्तर मोजता येते, आणि ते मोजण्याची पद्धत या व्यवसायात वर्षानुवर्षे माहीत आहे. ती फारशी अवघड नाही. भाच्यालाच बोलू देतो.

भाचा: टाकलेल्या ढिगातून नमुना काढतात. आकडे घेऊन सांगतो. समज, दहा लाख कागद आहेत. यंत्रानं एक लाख वर काढले. ते माणसांनी वाचले, त्यात ३०,००० संबंधित निघाले. उरलेले नऊ लाख टाकले. आता त्या नऊ लाखांतून, कोणतीही निवड न करता, चिठ्ठ्या टाकाव्या तसे १,५०० कागद उचलायचे आणि वाचायचे. त्यात १५ संबंधित सापडले असं धर.

मावशी: पंधराशेत पंधरा. एक टक्का.

भाचा: हो. अहवालात ‘टाकलेल्या कागदांत चूक फक्त १ टक्का’ असं लिहिलं, की सगळे खूश होतात. पण नऊ लाखांचा एक टक्का म्हणजे ९,००० कागद. म्हणजे एकूण संबंधित कागद ३९,०००, आणि आपल्या हाती आले ३०,०००. सापडण्याचं प्रमाण ७७ टक्के. जवळजवळ चौथा हिस्सा बाहेरच राहिला.

मावशी: आणि नमुना लहान म्हणून हा ९,००० चा आकडाही पक्का नाही.

भाचा: नाही. पंधराच सापडलेत, तेव्हा खरा आकडा ५,००० पासून १५,००० पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे सापडण्याचं प्रमाण ६७ ते ८६ टक्क्यांच्या दरम्यान. जास्त नेमकं हवं असेल, तर नमुना मोठा घ्यायचा.

मावशी: याला वेळ किती लागतो?

भाचा: तासाला पन्नास धरले, तर १,५०० कागदांना ३० तास. एका माणसाचे चार दिवससुद्धा नाहीत.

मावशी: दहा लाख कागदांच्या कामात चार दिवस. आणि तुमच्याकडे हे दर वेळी करतात?

भाचा: न्यायालयात दाखवायचं असेल तेव्हा करतात. समोरच्या पक्षाचा वकील विचारणार असतो ना. पण अंतर्गत चौकशीत, कंपनी विकत घेण्याआधीच्या तपासणीत, कोणी विचारणारं नसलं की ते चार दिवस सगळ्यात आधी कापले जातात. कारण त्या चार दिवसांत तक्त्यातला आकडा पुढे सरकत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते भाच्याच्या या शेवटच्या वाक्यात आहे. टाकलेल्या ढिगाची तपासणी हे काम ज्या हिशेबात शून्य धरले जाते, तो हिशेब उत्पादकतेचा नाही. ते ३० तास वाचवणारी कचेरी वेगवान झालेली नसते. आपण काय गमावले हे न पाहता ती पुढे निघून गेलेली असते. यंत्रामुळे वेग वाढला असे कोणी म्हणाले, तर त्याच दमात सापडण्याचे प्रमाणही सांगितले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर वेगाचा आकडा मी तरी ग्राह्य धरणार नाही.

एक मर्यादा मात्र मावशींनी लगेच दाखवली, आणि ती खरी आहे. न सापडलेल्या ९,००० कागदांचे वजन सारखे नसते. त्यांतल्या एखाद्याच पत्रात अख्खा खटला असू शकतो, आणि १,५०० च्या नमुन्यात ते पत्र येईलच असे नाही. नमुना गळती किती आहे ते सांगतो. काय गळाले ते सांगत नाही. तिथे पुन्हा खटला जाणणारे माणूसच लागते, जे म्हणेल की अमुक महिन्यात अमुक दोघांत पत्रव्यवहार झालाच असला पाहिजे, तो कुठे आहे?

मावशी: आणि असं माणूस तयार कसं होतं, याचा विचार करतोस का? सुरुवातीची वर्षं मी सीनियरच्या ऑफिसात नुसते कागद लावत होते. फेरफार, सात-बारा, हक्कसोडपत्रं. नव्वद टक्के कागद काहीच न सांगणारे. पण ते वाचून वाचून साधा फेरफार कसा असतो ते डोळ्यांत बसलं. म्हणून वेगळा असतो तो लगेच टोचतो. तू म्हणतोस ना, यंत्र टाकाऊ कागद आधीच बाजूला काढतं. मग तुझ्या मुलांनी साधा कागद पाहायचा कधी?

भाचा: उलट नवख्यांनाच यंत्राचा फायदा जास्त होतो, असं दिसलंय. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या अर्थशास्त्रज्ञांचा २०२३ चा अभ्यास आहे. एका कंपनीच्या ग्राहक-मदत विभागातले पाच हजारांहून जास्त कर्मचारी त्यांनी पाहिले. जुन्या संभाषणांचं विश्लेषण करून यंत्र कर्मचाऱ्याला उत्तर सुचवायचं. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कमी कसबाच्या लोकांच्या तर ३४ टक्क्यांनी.

मावशी: आणि मुरलेल्यांच्या?

भाचा: फारसा फरक पडला नाही.

मावशी: का नाही पडला?

भाचा: कारण यंत्र सुचवत होतं ते बव्हंशी त्यांचंच होतं. चांगल्या कर्मचाऱ्यांची बोलण्याची पद्धत उचलून ते नवख्यांपर्यंत पोचवत होतं.

मावशी: मग हे चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही. माझ्या सीनियरनं जे मला वर्षानुवर्षं शिकवलं, ते एखाद्या मुलीला दोन महिन्यांत मिळत असेल, तर मिळू दे. पण यंत्राला शिकवायला मुरलेली माणसं लागली. उद्या नवखे सगळे यंत्राचं ऐकूनच काम करायला लागले, तर दहा वर्षांनी यंत्राला नवीन काही शिकवणारं कोण उरेल? आणि ज्या मुरलेल्यांची संभाषणं वापरली, त्यांच्या पगारात त्याचं काय आलं?

भाचा: या दोन्हींना माझ्याकडे उत्तर नाही. पण एक करता येईल. टाकलेल्या ढिगातला नमुना आहे ना, तो वरिष्ठानं एकट्यानं न वाचता नवीन मुलाला शेजारी बसवून वाचायचा. त्यात बहुतेक कागद साधेच असणार. त्याला साधा कागद कळेल, आणि पंधराशेतले ते पंधरा सापडताना तो प्रत्यक्ष पाहील.

मावशी: हे मला पटलं. पण निर्णय वरिष्ठाचाच हवा. त्या पंधराच्या आकड्यावर सगळा हिशेब उभा आहे.

अलीकडे मजकूर लिहून देणारी यंत्रेही या कामात आली आहेत. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून इथे थोडक्यात आटोपतो. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माटा विरुद्ध अविआंका या खटल्यात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ते दाखले चॅटजीपीटीने रचले होते. ‘ते साधे चॅटबॉट होते, कायद्यासाठी बनवलेली साधने वेगळी’ असे तेव्हा सांगितले गेले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये कायद्यासाठीच बनवलेली व्यावसायिक साधने तपासली, तेव्हा तीही १७ ते ३३ टक्के वेळा चुकीची किंवा निराधार माहिती देताना आढळली. कागद शोधून देणारे यंत्र निदान खरा कागद समोर ठेवते. सारांश लिहून देणाऱ्या यंत्राचे प्रत्येक वाक्य मूळ कागदाशी ताडून पाहावे लागते, आणि हा ताडण्याचा वेळ उत्पादकतेच्या गणितातून बहुतेक वेळा वगळलेला असतो.

आता आपल्याकडे येतो. वर दिलेले सगळे अभ्यास इंग्रजी मजकुरावरचे आहेत. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे, महसूल खात्याचे, ग्रामपंचायतींचे, सहकारी बँकांचे कागद मराठीत आहेत.

मावशी: तुझं यंत्र माझ्या दफ्तरात आणलं, तर काय होईल?

भाचा: आधी कागदाचा मजकूर व्हायला हवा. तलाठ्याचं हस्ताक्षर यंत्राला नीट वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं पुष्कळ दफ्तर मोडीत आहे.

मावशी: टाइप केलेलं तर वाचेल?

भाचा: तिथंही गोची आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आपल्याला मराठी दिसतं, पण संगणकात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणून साठवलेली असतात. ती युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय मराठी शब्दानं शोधलंस तर काहीच मिळणार नाही. आणि युनिकोडमध्येसुद्धा ‘शेतकऱ्यांच्या’ मधला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारांनी टाइप होतो. डोळ्यांना एकच शब्द, यंत्राला दोन.

मावशी: जमिनीच्या कागदांत हाच शब्द पानोपानी.

भाचा: पुढे व्याकरण. इंग्रजीत शब्द फारसा बदलत नाही. आपल्याकडे ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीतून’, ‘विहिरीवरील’, ‘विहिरीच्या’ यातलं एकही येत नाही, कारण आतला ‘ही’ ऱ्हस्व झालेला असतो. दस्तात तर ‘विहीर’ असा मूळ शब्द क्वचितच येतो. ‘विहिरीतील अर्धा हिस्सा’ असंच असतं. नवीन यंत्रं हे बरंच सांभाळून घेतात. पण किती सांभाळतात, हे तुझ्या दफ्तरावर कोणी मोजलेलं नाही.

मावशी: आणि सर्वोच्च न्यायालयाचं ते भाषांतराचं यंत्र?

भाचा: ‘सुवास’. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, त्यात मराठी पहिल्यापासून आहे. तिथं यंत्रानं केलेलं भाषांतर माणूस तपासतो, हे महत्त्वाचं. पण भाषांतरात निदान मूळ कागद समोर असतो. शोधात जो आला नाही, तो समोर नसतोच.

मावशी: मग तू मला यंत्र घे म्हणतोस की नको?

भाचा: घे म्हणतो. पण आधी तुझे निकाल लागलेले जुने दावे काढ. कोणत्या दाव्यात कोणता कागद निर्णायक ठरला, हे तुला माहीत आहे. ते सगळे कागद यंत्रात घाल आणि त्याला शोधायला सांग. किती सापडले ते मोज. विकायला येणारा माणूस वेग दाखवेल. तू त्याच्याकडे सापडण्याचं प्रमाण माग.

मावशी: आणि टाकलेल्या ढिगातला नमुना मी स्वतः वाचेन.

भाच्याने सुचवलेली ही चाचणी कोणत्याही मराठी कचेरीला करता येण्यासारखी आहे. तिला परदेशी तज्ज्ञ लागत नाही, मोठा खर्च लागत नाही. आपले जुने, निकाल लागलेले काम आणि ते जाणणारे एक माणूस एवढे पुरते. ज्या बँका, वृत्तपत्रांची कात्रण-दफ्तरे, विद्यापीठे, वकिलांची कार्यालये आणि सरकारी खाती येत्या काळात मजकूर वाचणारी यंत्रे विकत घेणार आहेत, त्यांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे: खरेदीच्या निविदेत दोन अटी लिहा. पहिली, यंत्राची चाचणी आमच्याच मराठी कागदांवर होईल आणि सापडण्याचे प्रमाण लेखी दिले जाईल. दुसरी, टाकलेल्या कागदांतून दर वेळी नमुना काढून अनुभवी माणसाकडून वाचून घेतला जाईल, आणि त्या तासांचा मोबदला त्याला कामाचे तास म्हणूनच मिळेल.